वन्संची वैरण

मी आमच्या घरचं गवत विकलं, हे खरं आहे. तेच गवत तिप्पट भावाने परत मागायची माझ्यावर वेळ आली, हेही खरं आहे. पण या दोन गोष्टींच्या मध्ये काय काय घडलं, ते कुणी विचारतच नाही! जिन्यात भेटेल तो मिशीतल्या मिशीत हसतो, "काय साहेब, गवत काय म्हणतंय?" असं विचारतो आणि उत्तर न ऐकताच वर निघून जातो. अहो, थांबा ना जरा! खुन्यालासुद्धा वकील देतात, मी तर नुसतं गवत विकलंय. तेही खरं गवत नाही, फोनमधलं.

मी पाणीपुरवठा कार्यालयाच्या भांडार व खरेदी विभागात आहे. तुमच्या नळाला पाणी येत असेल किंवा नसेल, पण नळापर्यंत पाइप आलाय ना? तो माझ्या सहीने आलाय. तीन दरपत्रकं हातात पडल्याशिवाय मी कार्यालयासाठी टाचणीसुद्धा घेतलेली नाही. आणि पुरवठादाराचा चहा? नाव काढू नका. एकदा एकाने माझ्या टेबलावर गुपचूप बिस्किटांचा पुडा ठेवला, तो मी भेटवस्तू म्हणून रीतसर वरिष्ठांकडे जमा केला. वरिष्ठांनी तो खाल्ला, तो भाग वेगळा. सांगायचा मुद्दा, काटकसर आणि सचोटी या दोन बाबतींत मला कुणी शिकवायला जाऊ नये.

आता गाईंचं. आमच्या इमारतीला 'हिरवं शिवार' नावाच्या खेळाचं वेड लागलंय. खेळ म्हणजे काय, तर दिवसभर नोकरी करून दमलेल्या माणसांनी संध्याकाळी घरी येऊन फोनवर शेण काढायचं. नांगरायचं, पेरायचं, गुरं पाळायची. इमारतीतल्या सगळ्यांचं मिळून त्यात एक गाव आहे. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई तिथे भोपळे पिकवतात. समोरच्या दारातल्या दंतवैद्यांचं तिथे भलंमोठं कोठार आहे. आणि आमच्या हिच्याकडे चार गाई. त्यातल्या सगळ्यात लाडक्या गाईचं नाव 'वन्सं'.

मला सख्खी थोरली बहीण आहे, म्हणजे हिला सख्खी वन्सं आहे. गाईला ते नाव का, म्हणून विचारलं तर ही म्हणाली, "हंबरणं अगदी तसंच आहे हो." 

मी या भानगडीत पडलो नसतो. पण हिच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यात वायूचा फुगा सोडला आणि सांगितलं, की तो फुगा पडद्याला दाबून धरणार, म्हणून यांनी पालथं पडून राहायचं. उठायचं तेही मान खाली घालून. फोन नाही, वाचन नाही, टीव्ही नाही. "दिसेल ना?" मी विचारलं. "मोठं दिसेल," डॉक्टर म्हणाले. "बारीक अक्षरांचं आत्ता सांगता येत नाही." हे त्यांनी हिच्यासमोरच सांगितलं. ही मान खाली घालून बसली होती, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही.

घरी आल्यावर मध्ये भोक असलेली एक खास उशी आणून पलंगाच्या कडेबाहेर बसवली, आणि ही तिच्यात तोंड घालून पालथी झाली. तेव्हापासून माझ्या बायकोचा आवाज जो यायचा, तो उशीतून यायचा.

"अहो," उशी म्हणाली, "माझी गुरं तुम्ही सांभाळाल?"

"म्हणजे काय! मी आहे ना."

"वन्सं गाभण आहे. किती दिवस वाट बघतेय मी. मी ठरवलंय, पट्टी निघाली, फुगा गेला, की या डोळ्याने पहिलं तिचं वासरू बघायचं. दिसलं तर दिसलं." मग म्हणाली, "गाईंना वेळेवर खायला घाला. बाकी कशालाही हात लावू नका."

बाकी कशालाही हात लावू नका! चाळीस माणसांचा विभाग सांभाळणाऱ्या माणसाला चार गाई देताना वर ही सूचना! पण आजारी माणसाशी काय वाद घालायचा! फोनचा आवाज मात्र तिने चालू ठेवायला लावला. "बघायची बंदी आहे, ऐकायची नाही," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी शेताचा ताबा घेतला आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर साठा तपासणी. कोठार उघडलं आणि डोक्याला हात लावला. आढ्यापर्यंत गवत! वाळलेलं, पिवळं, ठासून भरलेलं. आणि बाहेर? बाहेर सगळ्या कुरणात हिरवंगार, ताजं, फुकटचं गवत उभं. गाई तेच चरत होत्या. मग हे वाळलेलं कशाला? आमच्या विभागात याला पडीक माल म्हणतात. पडीक माल जागा अडवतो, उंदरांना पोसतो आणि लेखापरीक्षणात नडतो. नियम सरळ आहे, की पडीक माल दिसला की त्याचा लिलाव करायचा.

मी गावाच्या बाजारात पाटी लावली. दंतवैद्यांनी ते गवत इतक्या झटकन उचललं की माझं बोट अजून पडद्यावरच होतं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी म्हटलं, डॉक्टर मंडळींना व्यवहार कुठला कळायला.

आलेल्या नाण्यांत मी शेतावर एक छोटी केबिन बांधली. आत खुर्ची ठेवली. एवढ्या मोठ्या शेतात मालकाला बसायला जागा नव्हती, हे काय शोभतं? खेळातला मी त्या खुर्चीवर बसलो आणि गाईंवर देखरेख करू लागलो. गाई फुकटचं हिरवं गवत खात होत्या. चाऱ्याचा खर्च शून्य. शून्य! मी हिला तसं सांगितलंही.

"कोठारातलं गवत आहे ना?" उशीने विचारलं.

"सुरक्षित आहे," मी म्हणालो. यात खोटं काहीही नव्हतं. दंतवैद्यांच्या कोठाराला तर कुलूपसुद्धा आहे.

मला कुणीही सांगितलं नव्हतं, पुन्हा सांगतो, कुणीही सांगितलं नव्हतं, की त्या खेळात ऋतू बदलतात! आमच्या एका आठवड्यात त्यांचा एक ऋतू उरकतो. एका सकाळी फोन उघडला तर सगळं पांढरं. बर्फ! कुरण गायब. गवताची एक काडी दिसेना. माझ्या केबिनच्या छपरावर बर्फ, आणि चारही गाई दारात रांगेने उभ्या, माझ्याकडे बघत. कार्यालयात पगार उशिरा झाला की लोक असेच दारात उभे राहून बघतात.

मग हंबरडा सुरू झाला.

"अहो, वन्सं का ओरडतायत?" उशीने विचारलं.

याच वेळी माझी बहीण, म्हणजे खरी वन्सं, हातात चहा घेऊन खोलीत आली. हिच्या आजारपणात मदतीला म्हणून आली होती बिचारी. तिने कप टेबलावर आपटला. "मी कुठे ओरडले गं? मी तोंडसुद्धा उघडलं नाहीये!"

मग सगळं सांगावं लागलं. गाय, नाव, आवाज. ताई लाल झाली, स्वयंपाकघरात निघून गेली आणि भांड्यांचा असा काही आवाज काढू लागली, की हिच्या 'हंबरणं तसंच आहे' या म्हणण्यात तथ्य वाटू लागलं. पण पुढचं ऐका. अर्ध्या तासाने ताई हात पुसत बाहेर आली आणि मला कोपऱ्यात ओढून म्हणाली, "काय रे, ती गाय उपाशी आहे का?"

"तात्पुरती टंचाई आहे."

"माझ्या नावाची गाय! आणि तू तिला उपाशी ठेवतोस? लहानपणी माझ्या ताटातलं खायचास, तसंच!"

आता मला सांगा, यात माझ्या बालपणाचा काय संबंध?

मी तातडीने चारा खरेदीची कार्यवाही हाती घेतली. तातडीने म्हणजे नियमाप्रमाणे तातडीने. किमान तीन दरपत्रकं. एक, खेळातलं दुकान. दोन, दंतवैद्य. तीन, मुख्याध्यापिका बाई. दुकानात वैरण संपली होती, फक्त 'मिश्र खाद्य, स्वस्त' अशी पोती होती. मी नमुना म्हणून एक पोतं घेतलं. गाईंनी ते हुंगलं आणि चारही डोक्यांवर छोटे काळे ढग आले. ते कोंबड्यांचं खाद्य होतं. पोत्यावर कोंबडीचं चित्र होतं म्हणे. चित्र बघून का कुणी खरेदी करतं? आम्ही दर बघतो.

दंतवैद्यांनी तिप्पट भाव सांगितला. "साहेब, हिवाळा आहे," म्हणाले. आणि पुढे, हसत, "माल मात्र उत्तम आहे. तुमचाच आहे."

राहिल्या बाई. बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्या जिन्यात दिसल्या की आमच्या इमारतीतले मोठे मोठे लोक अजूनही हातातली पिशवी मागे लपवतात. त्यांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दरपत्रक कसलं मागता? दोन भारे घेऊन जा. असेच."

"असेच?"

"फुकट हो! तुमच्या मिसेसनी मला भोपळ्याचं बी दिलं होतं."

 ज्याच्याकडे दर मागितलाय, त्याच पुरवठादाराकडून फुकट माल? उद्या हेच तत्त्व पाइपांना लावलं तर? शिवाय त्या खेळात आणखी एक खोड आहे. फुकट घेतलेल्या चाऱ्याची गव्हाणीवर पाटी लागते. 'सदर वैरण अमुक यांच्याकडून फुकट मिळाली.' बारीक अक्षरांत, पण कायमची. पुसता येत नाही. माझ्या गोठ्यावर! मी बाईंना नम्रपणे सांगितलं, की नियमाप्रमाणे भेट स्वीकारता येत नाही, कृपया दर कळवावा. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

तर तिसरं दरपत्रक अडलं. आणि तिसरं आल्याशिवाय पहिली दोन उघडायची नाहीत, हा नियम काय मी केलाय?

मग मी वर दाद मागितली. खेळात 'ग्रामसेवा केंद्र' म्हणून एक खिडकी असते. तिथे अडचणीतल्या शेतकऱ्याला चारा उसना मिळतो, असं लिहिलं होतं. मी सविस्तर अर्ज टाकला. संदर्भ, विषय, महोदय, सगळं. क्षणात उत्तर आलं, "आपल्या जनावरांचं आरोग्य आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. आपली तक्रार 'विहिरीत बेडूक' या विभागाकडे पाठवली आहे." मी पुन्हा लिहिलं, विहीर नाही, वैरण. उत्तर आलं, "बेडूक काढल्याचा आपला अनुभव कसा होता, ते कळवा." तिसऱ्यांदा लिहिलं, तर ते यंत्र मलाच म्हणालं, तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा. ज्या ज्या चित्रात गाय आहे, त्यावर बोट ठेवा. मी ठेवलं. चूक. पुन्हा ठेवलं. पुन्हा चूक! अहो, त्या दिवसांत मी गाईंखेरीज दुसरं काही पाहिलं नव्हतं, डोळे मिटले तरी गाई दिसायच्या, आणि हे मला सांगणार गाय कुठली ते!

शेवटी एकदाचं पटलं त्याला. तर म्हणे, शेत ज्यांच्या नावावर आहे त्यांनी स्वतः कॅमेऱ्यात बघून दोन्ही डोळ्यांची उघडझाप करावी.

आता काय करणार? मी पलंगाखाली शिरलो. उताणा झोपलो, फोन वर धरला आणि उशीच्या भोकातून दिसणाऱ्या बायकोच्या चेहऱ्याकडे रोखला. खूप दिवसांनी मी तिचा चेहरा नीट पाहिला. एका डोळ्यावर पट्टी, गालांवर उशीचे वळ.

"हे काय चाललंय?" ती म्हणाली.

"गाईंची आरोग्य तपासणी आहे. जरा डोळे मिचकाव."

"एकच आहे."

"तो मिचकाव."

"दोन्ही डोळे उघडा," फोनमधली बाई म्हणाली. "कृपया दोन्ही डोळे उघडा. कृपया दोन्ही..."

मी फोन बंद केला. हिचा तो एक डोळा माझ्याकडे बघत राहिला. "अहो," ती हळूच म्हणाली, "बरेच दिवस गवत खाण्याचा कुरकुर आवाज आला नाही." मी काहीतरी उत्तर देणार होतो, तेवढ्यात ताई केर काढायला आली आणि पलंगाखालून निघालेले माझे पाय बघून किंचाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीनच गाई उभ्या होत्या. चौथ्या जागेवर पाटी होती, 'वन्सं पोटापाण्यासाठी दुसऱ्या गोठ्यात गेल्या.'

या खेळात जनावर मरत नाही. लहान मुलंही खेळतात म्हणून तेवढी दया ठेवली आहे. पण उपाशी जनावर निघून जातं, जिथे चारा आहे तिथे. आणि नियम असा, की ज्याच्या गोठ्यात गाय व्याली, त्याचं वासरू. वन्सं कुठे गेली असेल ते सांगायला नकोच. ती दंतवैद्यांच्या कोठारात उभी राहून आमचंच गवत खात होती, आणि अंगावर दिवस भरल्याची पिवळी चांदणी लुकलुकत होती.

मी दवाखान्यात धडकलो. दंतवैद्यांनी मला खुर्चीत बसवलं. "बोलू आपण, आधी आ करा," म्हणाले. मी गाईबद्दल बोलायला आलोय, हे सांगण्यासाठीच मला तोंड उघडावं लागणार होतं, आणि ते उघडल्याबरोबर त्यांनी आत आरसा घातला.

"साहेब, गाय काही मी धरून ठेवलेली नाही. तुमच्या गव्हाणीत वैरण पडली, की ती आपल्या पायांनी येईल परत. हम्म. ही दाढ किडली आहे बरं का."

"आँ आँ," मी म्हणालो.

"वहिनींसाठी मी असंच दिलं असतं हो. पण भाव विचारायला आलात तेव्हाच तुम्ही मला बजावलंत, फुकट घेणार नाही म्हणून. म्हणून मग भाव. थुंका."

मी थुंकलो. अपमान गिळला, असं म्हणणार होतो, पण तोवर त्यांनी सुई टोचून तोंड बधिर केलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ना, त्यातले दातही आता त्यांच्या ताब्यात होते.

भाव तर भाव! घरी येऊन मी केबिन विकायला काढली. दुकानाने फळ्यांपुरते पैसे दिले आणि कळवलं, वापरलेल्या खुर्च्या घेत नाही. त्यामुळे केबिन गेली, छप्पर गेलं, आणि खेळातला मी उघड्या बर्फात खुर्चीवर बसून राहिलो. तोवर दंतवैद्यांकडे भाव आणखी चढला होता. तेलही गेलं, तूपही गेलं.

ताई शेजारी उभी राहून सगळं बघत होती. "काय हा दातांचा डॉक्टर!" ती म्हणाली, "म्हणजे माझ्या नावाची गाय परक्याच्या दारात बाळंत होणार? वर जा आणि बाईंकडे माग."

"ताई, नियम..."

"नियम गेला चुलीत!" आणि मग एकदम आवाज खाली आणून ती म्हणाली, "अरे, ती तिकडे पालथी पडून रडते. तिला वाटतं उशीमुळे कुणाला कळत नाही. त्या डोळ्याचं काय होईल ते आपल्या हातात नाही. वासराचं तरी आहे ना?"

मला हे माहीत नव्हतं. मला वाटत होतं, ती झोपलेली असते.

मी जिना चढलो.  इमारतीत कुणाला माझ्या सचोटीचं कौतुक नाही, बायकोलाही नाही, मग त्या सचोटीची पर्वा करणारा मी एकटाच, आणि तीच आता द्यायला निघालो होतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणतात. बाई गाढव नव्हेत. खरं तर त्या क्षणी आम्हा दोघांतलं ते पद माझ्याकडेच होतं.

बाईंनी दार उघडलं. बस म्हणाल्या नाहीत.

"बाई, ते भारे..."

"पूर्ण वाक्यात."

 "बाई, आमची गाय उपाशी आहे, कारण मी गवत विकलं. माझ्याकडे द्यायला काही नाही. मला दोन भारे फुकट द्या."

जिन्यात दोन शेजारी थांबून ऐकत होते. गवताबद्दल जे मला आज विचारतात ना, ते हेच.

"शाबास," बाई म्हणाल्या. आणि फोनवर बोट ठेवून दोन नाही, चार भारे पाठवले. वर म्हणाल्या, "मागायला काय झालं होतं इतके दिवस? इतकी का आपली माणसं परकी असतात?"  

गव्हाणीत गवत पडलं. बारीक अक्षरांची ती पाटीही ठक्कन लागली. आम्ही फोन हिच्या पलंगाच्या कडेला ठेवला, मी आणि ताई त्यावर वाकून बसलो. बर्फात लांबवर एक ठिपका दिसला. "ये गं बाई, ये," ताई म्हणू लागली, "आपल्या घरी ये." ठिपका मोठा झाला. हंबरणं जवळ येत गेलं. मग एकदम तो आवाज आला, कुरकुर कुरकुर. हिचा हात पलंगावरून खाली आला आणि माझा खांदा चाचपू लागला. थोड्या वेळाने फोनमध्ये घंटा वाजली.

"झालं?" उशीने विचारलं.

"झालं. आपल्या गोठ्यात."

"कसं आहे? नको, नको, सांगू नका. मी बघेन."

पट्टी सुटली. पालथं पडणं संपलं. फुगा रोज थोडा थोडा विरत गेला. ही म्हणायची, डोळ्यात पाण्याची रेघ हलते, तिच्या वर दिसतं आणि खाली सगळं धूसर. मग एक दिवस रेघ गेली. डॉक्टरांनी तक्त्यावरची मोठी अक्षरं वाचून घेतली आणि 'ठीक' म्हणाले. बारीक ओळींपाशी ही थांबली. "वेळ लागेल," डॉक्टर म्हणाले. परतीच्या वाटेवर आम्ही दोघंही भाज्यांच्या भावाबद्दल बोललो.

घरी येऊन ती खुर्चीत बसली. चांगला डोळा तळहाताने झाकला. "द्या," म्हणाली.

मी फोन दिला. ती बघत राहिली. 

"तांबडं आहे," ती म्हणाली. "कपाळावर पांढरा ठिपका." मग, "आणि हे उघड्यावर खुर्ची टाकून कोण बसलंय?"

"मी."

"आणि कोठार रिकामं कसं?"

"त्याचं असं झालं..." मी सुरुवात केली. पण तिचं लक्ष गव्हाणीवर गेलं होतं. तिने फोन जवळ घेतला.  मी हात पुढे करून पडदा झाकायला गेलो, तर तिने माझा हात बाजूला सारला.

"थांबा हो. काहीतरी लिहिलंय. सदर..." ती अडखळली. डोळा बारीक केला. "सदर वैरण... वरच्या मजल्यावरील बाईंकडून... फु... फुकट मिळाली."



"अय्या! तुम्ही फुकट घेतलंत?" ती म्हणाली.

"पुन्हा वाच," मी म्हणालो.

"कशाला? वाचलं की मी. शोभा झाली ती पुरे नाही का?"

"वाच म्हणतो ना! मोठ्याने वाच!"

तिने वाचलं. या वेळी न अडखळता, उजव्या डोळ्याने, चष्म्याशिवाय, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग तिच्या लक्षात आलं आपण काय केलं ते, आणि तळहात चांगल्या डोळ्यावर तसाच दाबून धरून ती माझ्याकडे बघायला लागली.

"काय म्हणाली रे?" ताईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"फुकट म्हणाली!" मी ओरडलो. मला रडू येत होतं, आणि आलं तर आलं, माझ्या घरात मी रडेन. "ताई, फुकट म्हणाली!"

आता एवढ्यावर थांबावं की नाही माणसाने? पण खेळात वासराचं नाव ठेवायचं राहिलं होतं. तिने तिथल्या तिथे ठेवलं, 'फुकट'. मी जोरदार आक्षेप घेतला. नाव सुचवायला किमान तिघांना तरी विचारायला हवं होतं. पण ते नाव तिने स्वतः टाइप केलं होतं, त्या बारीक बारीक बटणांवर, एकही अक्षर न चुकता. मी मंजुरी देऊन टाकली.